खराडे सरांची झोप

डॉक्टरांच्या खोलीतल्या खुर्च्या खराडे सरांनी स्वतःच्या हातानं उचलून बाहेर काढल्या, तेव्हा मी जिना पुसत होते. सहा खुर्च्या होत्या. एकेक आणून त्यांनी व्हरांड्यात ओळीनं मांडली आणि मला म्हणाले, "हौसाबाई, या गच्चीवर टाका. बसला तो संपला."

मी म्हटलं, "सर, पोरं बसणार कुठं?"

"बसायचं असतं तर बँकेत गेली असती."

खराडे सर आमच्या हॉस्पिटलात सर्जरीचे मुख्य होते. कोल्हापुरातलंच ट्रस्टचं हॉस्पिटल, त्याला लागून कॉलेज. आधीच डॉक्टर झालेली पोरं तिथं तीन वर्षं ऑपरेशनं शिकायला येतात. मी थिएटरात मावशी होते. रक्ताचे कपडे उचलायचे, हत्यारं धुवायची, फरशी पुसायची, सांगतील ते धरायचं आणि सांगितलं नाही ते बघून ठेवायचं. एकवीस वर्षं हे केलं. डॉक्टर पुष्कळ पाहिले आणि बहुतेक विसरले. खराडे सर राहिले, कारण माझ्या झोपेलाही कामाला लावणारा तो एकच माणूस मला भेटला. ते कसं, ते सांगते.

सर बुटके आणि रुंद. तरुणपणी तालमीत जायचे, त्यात डावा कान मोडलेला. त्या कानावर मास्कची दोरी ठरत नसे, म्हणून मास्क बांधायला दरवेळी कुणीतरी मागं उभं राहायचं. कोटाच्या उजव्या खिशात भडंग असायचं. दोन ऑपरेशनांच्या मध्ये मूठभर तोंडात टाकायचे आणि शेंगदाणे माझ्या पुसलेल्या फरशीवर सांडायचे. चहा दोन घोटांत, उभ्यानं. डाव्या खिशात टाक्यांचा उरलेला काळा दोरा. हात रिकामा राहिला की दोरा बाहेर निघायचा आणि समोर असेल त्याला गाठी बसायच्या. दाराच्या कोयंड्याला, पलंगाच्या दांडीला, माझ्या बादलीच्या कडीला. एका हातानं, न बघता, बोलता बोलता. शनिवारी मी कात्री घेऊन बादलीच्या गाठी कापायची, कारण त्या बोटांना टोचतात.

हात चांगला होता, हे लिहिलंच पाहिजे. माझ्या सख्ख्या भावाचं पोट मी त्यांच्याकडूनच उघडून घेतलं, आणि मी कुणावर लगेच विश्वास टाकणारी बाई नव्हे. पण हात चांगला असलेल्या माणसाला वाटायला लागतं की आपलं डोकंही तेवढंच चांगलं आहे. घोटाळा तिथं होतो.

"आमच्या वेळी," सर सुरू करायचे, "तीन वर्षांत मी आडवा झालो तो फक्त कावीळ झाली तेव्हा." हे मी इतक्यांदा ऐकलं की ती कावीळ मलाच होऊन गेल्यासारखी वाटायला लागली. सकाळी सातला राउंड. रोगी बघायच्या आधी सर पोरांचे कोट बघायचे. कोटाला इस्त्री दिसली की मेलाच तो.

"इस्त्रीला वेळ मिळतो तुला?"

"सर, धोब्याकडं दिलेला."

"धोब्याकडं जायला वेळ मिळाला! याला दोन वॉर्ड जास्त द्या."

दुसऱ्या दिवसापासून पोरं कोट चुरगळून घालायला लागली. एक तर चांगला कोट मुद्दाम उशीखाली घालायचा. तेवढाच कोट तरी आडवा होतो, म्हणायचा.

मग सर कसल्याशा परिषदेला गोव्याला गेले आणि चौथ्या दिवशी हसत परत आले. हसणारे खराडे सर बघून थोरात सिस्टरांच्या हातातला ट्रे कलला. थोरात सिस्टर म्हणजे ऑपरेशनला हत्यारं देणाऱ्या. बाई तशी धीराची, पण हसण्याची सवय नव्हती कुणाला.

सगळ्या पोरांना गोळा करून सर म्हणाले, "वेलनेस! आनंदी डॉक्टर जास्त काम करतो, हे तिकडं सिद्ध झालंय. आपण मागं राहायचं नाही. आजपासून सगळे आनंदी."

कुणी हललं नाही.

"काय झालं?"

"काही नाही सर," एकजण मागून म्हणाला, "आहोत."

ज्या खोलीतून खुर्च्या गेल्या होत्या, तिला पोपटी रंग दिला. भिंतीवर धबधब्याचं चित्र. मध्ये गादीचा एक मोठा गोळा आणून टाकला, त्यात बसलं की दुसऱ्यानं ओढल्याशिवाय उठता येत नाही. दारावर पाटी लागली, 'वेलनेस कक्ष'. आत जायला अर्ज करायचा, दोन प्रतींत, सरांच्या सहीनं. खोली उघडी दुपारी दोन ते सव्वादोन. आणि सर सह्या करायचे तीननंतर. त्या गोळ्यावर सगळ्यांत जास्त कोण बसलं असेल तर मी. पुसायला म्हणून जायची. बरा होता.

पहाटे पावणेसहाला योग. सक्तीचा. उशीर झाला तर इमर्जन्सीची एक रात्रपाळी जास्त, म्हणजे आनंदी व्हायला उशीर केल्याची शिक्षा. योग शिकवायला एक गृहस्थ यायचे, अगदी सज्जन. पहिल्याच दिवशी त्यांनी शेवटी शवासन घातलं. "शरीर सैल सोडा," म्हणाले. अकरा डॉक्टर होते. अकराच्या अकरांनी सोडलं. पाच मिनिटांनी त्यांनी "सावकाश उठा" म्हटलं. कुणी उठलं नाही. गृहस्थ मला हळूच म्हणाले, "मावशी, इतकी एकाग्रता मी आजवर पाहिली नाही."

मी म्हटलं, "पावणं, ती झोपल्यात."

सात वाजले. सर वॉर्डात उभे, एकही पोरगं नाही. शोधत शोधत हॉलमध्ये आले तर मैदानात माणसं पडावीत तशी ही पडलेली. सर दारातून ओरडले, तशी सगळी एकदम उठली. एकानं तर डोळे मिटलेलेच ठेवून रोग्याचा रक्तदाब सांगायला सुरुवात केली. त्या दिवसापासून शवासन बंद. बाकीची आसनं चालू राहिली, फक्त उभ्यानं करायची.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण मग घड्याळं आली.

ट्रस्टनं सगळ्या शिकाऊ डॉक्टरांना मनगटावर बांधायची घड्याळं दिली. ती वेळ सांगायचीच, पण किती पावलं चाललात, काळीज किती वेळा ठोकलं, किती तास झोपलात, हेही सांगायची. सगळ्यांचे आकडे सभेच्या खोलीतल्या टीव्हीवर यायचे. सात तास झोपला तर नाव हिरवं. चार तासांच्या खाली तांबडं. सर दर सोमवारी टीव्हीखाली उभे राहायचे आणि तांबड्या नावांना विचारायचे, "वेळेचं नियोजन जमत नाही का तुम्हाला?" कामाची यादी तेच लावायचे, हे त्या वेळी त्यांच्या ध्यानात नसायचं. तीन आठवडे सलग तांबडं राहिलं तर वहीवर सही नाही, असा नियम निघाला. शिकलेल्या ऑपरेशनांची ती वही असते. सरांची सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर आणखी सहा महिने हेच.

स्नेहल दोन आठवडे तांबडी होती.

स्नेहल मुरगूडची. घरी म्हशी, बाप दूध घालायचा. शेवटचं वर्ष चाललं होतं. उंच, हाडकुळी, जेवताना घास हातात तसाच ठेवून विचार करत बसायची. सरांची आवडती होती, म्हणजे सगळ्यांत जास्त शिव्या तिला. एक दिवस दुपारी मी घरी निघाले तशी माझ्या मागं जिन्यापर्यंत आली.

"मावशी, तुम्ही किती वाजता झोपता?"

"नवाला. का?"

"आणि उठता?"

"पाचाला. नवरा गेल्यापास्नं घोरणारं कोण न्हाय घरात. गाढ लागती."

तिनं मनगटावरचं घड्याळ सोडलं. "हे बांधून झोपता काय? सकाळी सातला आणून द्यायचं. एवढा आठवडा."

"आणि तू?"

"मी हाय की इथंच."

मी बांधलं. मंगळवार पेठेतल्या माझ्या खोलीत मी आठ तास झोपले आणि मुरगूडची स्नेहल कोल्हापुरात हिरवी झाली. पुढं कळलं, हे सुचलेली ती एकटी नव्हती. एका पोरानं आपलं घड्याळ पायाचं हाड मोडून वजन लावून पडलेल्या म्हाताऱ्याच्या हाताला बांधलं होतं. झोप भरपूर, पावलं शून्य. त्या यंत्रानं म्हाताऱ्याला रोज चार वाजता सांगायला सुरुवात केली, 'उठा, थोडं चाला.' म्हातारा घाबरून सिस्टरना हाका मारायचा.

सोमवारी सरांनी टीव्हीवर बोट ठेवलं. "सात तास छप्पन्न मिनिटं! बघा. ही सगळं काम करून आठ तास झोपते. म्हणजे हिच्याकडं वेळ शिल्लक आहे." आणि स्नेहलला आठवड्याला दोन इमर्जन्सी जास्त लावल्या.

ती काय बोलणार? झोपले नाही म्हणावं तर लबाडी उघडी पडते. झोपले म्हणावं तर काम वाढतं. मी तिला म्हटलं, "पोरी, उद्यापास्नं जरा कमी झोपू काय मी?"

"नको मावशी. झोपा तुम्ही," ती म्हणाली. "कुणीतरी झोपा."

त्याच सुमारास ट्रस्टनं सरांनाही घड्याळ दिलं. मुख्यांनी आदर्श घालून द्यावा, म्हणून त्यांचं नाव सगळ्यांच्या वर. पाच-सहा दिवसांनी मी हत्यारं धुत होते, तर सर आले. खिशातून भडंग काढलं, खाल्लं नाही, परत ठेवलं. दाराकडं बघितलं. मग त्यांनी स्वतःचं घड्याळ काढून माझ्या एप्रनच्या खिशात टाकलं.

"हौसाबाई, रात्री हे बांधा. सकाळी द्या. विचारू नका."

मी विचारलं. "झोप येत न्हाय काय सर?"

"आमच्या वेळी," सर म्हणाले, आणि पुढं काहीच बोलले नाहीत. एवढं एकच वाक्य मी त्यांना अर्धं सोडताना ऐकलं.

तेव्हापासून माझ्या उजव्या हाताला सर आणि डाव्या हाताला स्नेहल. दोघांपैकी एकालाही दुसऱ्याचं माहीत नाही. माझी चूक झाली ती अशी, की मी दोन्ही एकदमच बांधली. पुढच्या सोमवारी टीव्हीवर दोघांची झोप नऊ वाजून चार मिनिटांनी लागलेली आणि दोघांना जाग पाचला सहा कमी असताना आलेली. आठवडाभर, रोज. थोरात सिस्टर माझ्या कानाशी म्हणाल्या, "मावशी, हे काय जुळतंय?" मी म्हटलं, "यंत्र हाय, बिघडतंय." स्नेहलनं टीव्हीकडं बघितलं, मग सरांच्या रिकाम्या मनगटाकडं (त्यांचं घड्याळ अजून माझ्याच खिशात होतं), मग माझ्याकडं. मी फरशीकडं बघितलं. त्या दिवसापासून मी सरांना आठला झोपवायला लागले आणि स्नेहलला साडेनऊला. लोकांच्या तोंडाला कोण लागणार?

मग ती बिद्रीकडची बाई आली. पन्नाशीची, आतडं फाटलेलं, पोट दगडासारखं. सकाळी दहाला टेबलावर घेतली. सर आणि स्नेहल ऑपरेशनला, थोरात सिस्टर हत्यारं द्यायला, मी खाली पडेल ते उचलायला. पोटातलं रक्त आणि घाण टिपायला कापडाचे जाड तुकडे घालतात, त्यांना मॉप म्हणतात. पाच-पाचच्या पाकिटांतून येतात. वापरून झाले की खाली टाकतात. ते उचलून स्टँडवर पाच-पाचच्या ओळींत अडकवायचे आणि मोजायचे, हे काम माझं. पोट शिवायच्या आधी जेवढे उघडले तेवढे बाहेर आले पाहिजेत. चौथी शिकले आहे मी, पण वीसपर्यंत मोजायला तेवढं पुष्कळ आहे.

पाऊण वाजला. आतलं काम चांगलं झालं होतं. सर शिवायला दोरा मागायला लागले. फळ्यावर चार पाकिटं लिहिलेली, म्हणजे वीस. माझ्या स्टँडवर एकोणीस. मी परत मोजले. टेबलाखाली बघितलं, बादलीत बघितलं, सरांच्या चपलेखालीसुद्धा बघितलं.

"सर, एक कमी हाय."

"पुन्हा मोजा."

"दोनदा मोजलं."

सर वैतागले. "पाकिटात चारच आले असतील. येतात कधी कधी. शेवटचं पाकीट कुणी घेतलं?"

थोरात सिस्टर म्हणाल्या, "मी सुई ओवत होते सर. स्नेहल मॅडमनी घेतलं."

सर स्नेहलकडं वळले. "किती होते? चार ना?"

हो म्हणायचं होतं फक्त. हो म्हटलं असतं तर पाच मिनिटांत पोट शिवून झालं असतं, बाई वॉर्डात गेली असती, स्नेहलच्या वहीवर सही झाली असती. आणि मॉप आत असता तर पंधरा दिवसांनी ती बाई तापानं फणफणून परत आली असती, नाहीतर आली नसती. पोटाची कड ओढून धरायचं हत्यार स्नेहलनं हातात पुन्हा नीट धरलं.

"सर, मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मोजले नाहीत मी. उभ्या उभ्या डोळा लागला होता."

"डोळा लागला? काल आठ तास झोपलीस तू! सगळ्या हॉस्पिटलनं टीव्हीवर बघितलंय. मीही झोपलोय पुरेसा, मला नाही कुठं काही दिसत आत." सर माझ्यावर उलटले. "हौसाबाई, तुमचीच झोप झालेली नाही. म्हणून मोजायला चुकताय."

मी म्हटलं, "सर, झोप माझीच झालीया. तिची मी झोपले, तुमची मी झोपले. तिघांची झोप एकटीनं काढलीया मी महिनाभर. या खोलीत दुसरं कोणच झोपल्यालं न्हाय. म्हणून सांगते, एक कमी हाय."

भूल देणारे डॉक्टर खोकले. थोरात सिस्टरांनी सुई खाली ठेवली. सरांचे फक्त डोळे दिसत होते. ते मी इतक्या वर्षांत नीट बघितले नव्हते. कडा सुजलेल्या, तांबड्या, तालमीत मार खाऊन आलेल्या माणसासारख्या. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. वाईट वाटलं नाही, पाय तसेही दुखत होते.

सरांनी दोरा सोडला. हात पोटात घातला, कोपरापर्यंत. वर बघत, गाठ मारताना बघायचे तसं कुठंच न बघत, एक एक कोपरा चाचपायला लागले. बराच वेळ गेला. मग डाव्या बाजूला, वर, प्लीहेच्या मागून त्यांनी एक रक्तानं काळा झालेला गोळा ओढून काढला आणि माझ्या पायाशी टाकला.

मी तो उचलला, पिळला, विसाव्या आकड्याला अडकवला. "वीस," म्हटलं.

"शीव," सर स्नेहलला म्हणाले. "नको. आधी बाहेर जाऊन तोंड धुऊन ये. मी थांबतो."

सर कुणासाठी थांबल्याचं मी ते पहिल्यांदा बघितलं.

माफी-बिफी कुणी मागितली नाही. तसल्या गोष्टी आमच्यात नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्यासमोर हात पुढं करून उभे राहिले, "माझं द्या." मी घड्याळ दिलं. सोमवारी टीव्हीवर सगळ्यांत वर त्यांचं नाव, तीन तास दहा मिनिटं, तांबडं लाल. त्याच्याखाली उभे राहून त्यांनी सभा घेतली. नियोजनाचा विषय काढला नाही. आठ दिवसांत सगळ्या पोरांनी आपापली घड्याळं परत आपापल्या हाताला बांधली. वजन लावलेला म्हातारा सुटला. टीव्ही असा दिसायला लागला, जशा काही गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात. ट्रस्टच्या लोकांनी येऊन बघितलं आणि टीव्ही काढून कँटीनमध्ये लावला. आता त्यावर क्रिकेट असतं. सगळ्यांत जास्त हिरवी नावं म्हणून ट्रस्टनं मध्यंतरी दिलेली वेलनेसची ढाल मात्र ऑफिसात आहे. माझ्या झोपेवर मिळालेली.

स्नेहलच्या दोन जास्तीच्या इमर्जन्सी रद्द झाल्या. वहीवर सही झाली. शेऱ्याच्या जागी सरांनी काय लिहिलं ते तिनं मला दाखवलं. तीनच शब्द होते, 'खोटं बोलत नाही.' मी म्हटलं, "महिनाभर बोललीस की." ती म्हणाली, "घड्याळाचं खोटं सरबी बोलल्यात. म्हणून तेवढं लिहिलं नसंल."

आणि एक दिवस गच्चीवरच्या खुर्च्या खाली आल्या. कुणी आणल्या ते मला सांगितलं नाही, पण एका खुर्चीच्या हाताला काळ्या दोऱ्याच्या सात गाठी होत्या. धबधब्याचं चित्र तसंच राहिलं. गादीचा गोळा मी घरी मागितला. दिला नाही.

माझा नोकरीचा शेवटचा दिवस. पेढे-बिढे झाले, थोरात सिस्टर उगाच रडल्या. दुपारी मी बादली घेऊन डॉक्टरांची खोली पुसायला गेले, तर खुर्चीत खराडे सर. मान मागं, तोंड उघडं, मास्क मोडक्या कानावरून लोंबतोय, मांडीवर भडंग सांडलेलं. घोरत होते. माझा नवरासुद्धा इतकं घोरायचा नाही. दुपारच्या राउंडची वेळ झालेली आणि बाहेर व्हरांड्यात पोरं ओळीनं उभी. कुणाची आत यायची छाती नाही.

"मावशी, उठवता काय?" त्यातलं एक कुजबुजलं.

स्नेहल परीक्षा देऊन तिथंच नोकरीला लागली होती. ती म्हणाली, "दहा मिनिटं थांबा. रोगी कुठं जात न्हाईत."

पोरं भिंतीला टेकली. एकानं डोळे मिटले, मग शेजारच्यानं मिटले.

मी सरांच्या पायांभोवतीची फरशी पुसली. शेंगदाणे गोळा केले. बादली उचलली तर बोटांना टोचलं. कडीला ताजी गाठ होती, झोपायच्या आधी मारलेली असणार. कात्री काढून कापली आणि दार ओढून घेतलं.